चार गुणांचा प्रश्न

प्रश्नपत्रिका आइझॉलहून येतात,
सुमोच्या टपावर, कोबीच्या पोत्यांशेजारी,
त्यामुळे दर वर्षी त्यांना थोडा कोबीचा वास असतो.
आमच्या डोंगरावर म्हातारपणीसुद्धा परीक्षा चुकत नाही.
रविवारच्या शाळेतून माणूस सुटतो तो थेट कबरस्तानात,
असं आमचे उपा रोथुआमा म्हणतात, आणि स्वतःच हसतात.

एकाच दालनात सहा वर्ग.
व्यासपीठाजवळ नवी लग्न झालेली,
खिडकीशी मांडीवर पोरं घेतलेल्या आया,
मधल्या बाकांवर नखांतली माती घासून आलेले पुरुष,
आणि ढोलाच्या बाजूला माझा वर्ग, साठीच्या पुढचा,
ज्यात कुणाला नीट ऐकू येत नाही
म्हणून सगळे एकदम बोलतात.
मी बांधकाम खात्यात कारकून होतो. तीस वर्षं
रस्त्यांच्या खड्ड्यांची नोंद ठेवली.
आता ह्यांच्या हजेरीची ठेवतो.
काम फारसं वेगळं नाही.
कोण कुठे खचलं, ते लिहायचं.

ह्या वर्षी तिसरा प्रश्न होता :
शेजाऱ्याप्रती आपली चार कर्तव्ये लिहा. गुण चार.
उत्तर सोपं. वर्षभर घोकून घेतलं होतं मी,
प्रेम, क्षमा, साहाय्य, प्रार्थना,
चार बोटांवर चार, अंगठा मोकळा.
पंचवीस जणांनी तेच लिहिलं, त्याच क्रमाने.
एकाने तर माझी फळ्यावरची चूकसुद्धा
इमानाने उतरवली.

पी दारछुंगीचा पेपर शेवटी हातात आला.
वय एकोणऐंशी. एक डोळा मोतीबिंदूने नेलेला.
अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं,
ओळ सोडून उताराला लागलेलं,
आमच्या घरांसारखं.
तिने लिहिलं होतं :

एक. ज़ाथांगाची कुदळ माझ्याकडे आहे.
पपनसाच्या झाडावरून आमचं वाजलं
त्याच्या आदल्या दिवशी आणली होती.
अकरा वर्षं झाली.
शनिवारपर्यंत परत करीन.
दोन.

दोनच्या पुढे कोरं.

लाल पेन धरून बसलो.
दरीतलं धुकं वर आलं, अंगणातली चूल गेली,
मग अंगण गेलं.
नमुना उत्तरात कुदळ नव्हती.
पुन्हा पाहिलं. नव्हती.
एका कर्तव्याचा एक गुण द्यावा
तर ते अजून केलेलं नाही.
शून्य द्यावं
तर बाकीच्या पंचवीस जणांनी तरी काय केलं होतं?
निकाल रविवारी वाचायचा होता.
पेपर उशाखाली ठेवला.

शनिवारी पाव आणायला म्हणून वरच्या वाटेने गेलो.
खरं सांगतो, पाव घरात होता.
ज़ाथांगाच्या डुकरांच्या खोपटाला कुदळ टेकवलेली,
पातं घासून लख्ख, दांडा नवा.
अकरा वर्षांचं व्याज असावं.
तो दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता
हात न लावता,
जणू दारात पाहुणी आलीये
आणि तिला बसा म्हणायचे शब्द
त्याला आठवत नाहीत.

अबोला सुटला की नाही, मला माहीत नाही.
रविवारी ती खिडकीकडे आणि तो भिंतीकडे
तोंड करून बसले, नेहमीसारखे.
फक्त तिच्या बाकावर एक पपनस होतं
आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
त्या वर्गात, जिथे सगळे एकदम बोलतात.

मी तिला साडेतीन दिले.
वर्ग सुटल्यावर काठी आपटत आली.
'अर्धा कशात कापला?'
'दोनच्या पुढे काही लिहिलं नाही तुम्ही.'
'दोनचं अजून व्हायचंय,' म्हणाली,
आणि पपनस काखेत मारून उतार उतरू लागली.

रात्री कपाटामागून छत्री काढली.
काळी, लाकडी मुठीची, माझ्या भावाची.
तो लुंगलेईला असतो, बसने अख्खा दिवस.
बोलणं कधी बंद झालं असं काही नाही,
नुसतं आटत गेलं.
छत्री उघडून पाहिली.
दोन काड्या मोडलेल्या.
आधी त्या बसवून घ्याव्या लागतील.